पिंग लागतो, पण नाव सापडत नाही : विंडोजच्या नावांची चाळीस वर्षांची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी भाग तसाच आहे.)

आजची सुरुवात एका घरगुती वैतागापासून करू.

समजा, तुमचं घर दोन मजली आहे. खाली फायबरवाल्याने बसवलेला राउटर आहे. वरच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून तुम्ही ऑनलाइन दुसरा राउटर मागवला, खालून एक वायर वर नेली आणि त्यात खोचली. वर मस्त वाय-फाय आलं. मग कॉलेजचं असाइनमेंट प्रिंट करायला गेलात, तर फोन म्हणतो, 'प्रिंटर सापडला नाही'. प्रिंटर खाली आहे, चालू आहे, आईच्या फोनवरून प्रिंट जातेय. तुमच्या फोनवर युट्यूब धावतंय, म्हणजे नेटही आहे. जगातले सर्व्हर सापडतात आणि दहा पायऱ्या खालचा प्रिंटर सापडत नाही!

आता गंमत बघा. प्रिंटरच्या स्क्रीनवर त्याचा आयपी नंबर असतो. तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकलात, तर बहुतेक वेळा प्रिंटरचं पान उघडतं. म्हणजे रस्ता आहे, प्रिंटरही आहे. फक्त नावाने हाक मारली की ओ येत नाही.

हा प्रश्न तुमच्या फोनपेक्षा जुना आहे, तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षाही जुना. तो समजून घ्यायला १९८३ पर्यंत मागे जावं लागतं. आणि मला तो कसा समजला, हे सांगायला माझ्या पहिल्या नोकरीपर्यंत. तिथे मी एका माणसावर अन्याय केला होता, म्हणून आधी ते सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरची वायर

विंडोज एक्सपी नवीन होतं तेव्हाची गोष्ट. पुण्यातलं एक छोटं ऑफिस, हिशेब आणि ऑडिटची कामं करणारं. नाव सांगत नाही. मी तिथला 'कॉम्प्युटरवाला'. पहिल्या मजल्यावर आठ मशिन्स, त्यातल्या एकावर सगळ्यांच्या हिशेबाचा डेटा. बाकीचे लोक त्या मशिनचं नाव टाकून फोल्डर उघडायचे. सर्व्हर वगैरे काही नाही. पण व्यवस्थित चालायचं.

काम वाढलं, तिसरा मजला भाड्याने घेतला. तिथे सहा मशिन्स. एक वायरिंगवाला पोरगा होता, माझ्याच वयाचा. त्याने डक्टमधून पहिल्या ते तिसऱ्या मजल्यापर्यंत वायर ओढली, खटके बसवले. मी वरच्या टोकाला एक राउटर लावला. खरं तर तिथे साधा स्विच पुरला असता. पण मला तेव्हा राउटर म्हणजे काहीतरी भारी वाटायचं. खालची मशिन्स १९२.१६८.१ ची, वरची १९२.१६८.२ ची. मला वाटलं, काय नीटनेटकं काम केलंय!

वरच्या मशिनवर 'नेटवर्क नेबरहूड' उघडलं, तर खालचं एकही मशिन दिसेना. नाव टाकून बघितलं, उघडेना. नावाने पिंग मारला, 'होस्ट सापडला नाही'. ऑक्टोबरअखेर जवळ आली होती, रिटर्न भरायची मुदत. अकाउंट्सचे काका वर येऊन विचारायचे, "काय रे, झालं का सुरू? का आम्ही परत खाली येऊन बसायचं?"

मी मालकांना सांगितलं, "सर, वायरिंग नीट झालेलं नाही." एका वाक्यात मोकळा झालो. मालकांनी त्या पोराला बोलावलं आणि काम चालू झाल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मी टेस्टरने चेक केलंय, आठही तारा बरोबर आहेत." मी ऐकलं नाही. त्याने रात्री थांबून, स्वतःच्या पैशाने नवीन वायर आणून, पुन्हा सगळी ओढली. सकाळी पुन्हा तेच. मशिन्स दिसेनात.

शेवटी मी आधीच्या क्लासमधल्या एका सरांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नंबरने पिंग मारलास का?"

नव्हता मारला. मारला, तर चारही उत्तरं आली. वायर ठणठणीत होती. कदाचित पहिलीसुद्धा.

सर म्हणाले, "तुझी हाक राउटरच्या पलीकडे जात नाहीये. वायरीला कशाला दोष देतोस?"

हे 'हाक' प्रकरण काय आहे, ते आता बघू.

१९८३ : शांतता म्हणजे होकार

आयबीएमला आपल्या पीसींसाठी एक छोटं नेटवर्क हवं होतं. सायटेक नावाच्या कंपनीने १९८३ मध्ये त्यासाठी नेटबायोस तयार केलं. कल्पना साधी होती. कार्यालयातले थोडेसे पीसी एकमेकांशी बोलणार, तर त्यांना नंबर कशाला? नावं असू देत.

पण नाव द्यायचं कोणी? नोंदवही ठेवणारा कोणी नव्हता. मग पद्धत अशी ठरली : मशिन चालू झालं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतं, 'मी अमुक नाव घेतोय, कोणाची हरकत आहे का?' असं दोन-चारदा ओरडतं. कोणी काही बोललं नाही, तर नाव त्याचं. कोणी म्हणालं 'ते माझं आहे', तर नवीन मशिनला नाव मिळत नाही. जुन्या विंडोजवर 'या नावाचं मशिन नेटवर्कवर आधीच आहे' असा एरर ज्यांनी पाहिलाय, त्यांनी हीच हरकत पाहिली आहे.

कोणाला शोधायचं असेल तरीही तेच. 'अमुक कोण आहे?' असं सगळ्यांना विचारायचं, ज्याचं नाव आहे तो आपला पत्ता सांगतो. याला ब्रॉडकास्ट म्हणतात.

आपल्या चाळीच्या भाषेत सांगायचं तर गॅलरीत उभं राहून 'जोशीकाकू!' म्हणून हाक मारायची. जोशीकाकू कुठल्या खोलीत राहतात हे माहीत असायची गरज नाही, त्या स्वतःच बाहेर येतील. एका चाळीसाठी याहून सोपी पद्धत नाही.

नाव मात्र आखूड. एकूण १६ अक्षरांची जागा, तीही रोमन अक्षरांची. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यातलं सोळावं अक्षर स्वतःसाठी राखून ठेवलं. उरली १५. सोळाव्या जागी एक कोड असतो आणि तो सांगतो की हे मशिन कोणतं काम करतं. २० हा कोड असेल तर फाइल शेअर करणारं मशिन, १सी असेल तर डोमेन सांभाळणारं. म्हणजे एकच मशिन एकाच नावाने, वेगवेगळे कोड लावून, तीन-चार वेळा नोंद करतं. विंडोजवर 'एनबीटीस्टॅट डॅश एन' ही कमांड दिली की ही यादी दिसते.

या १५ अक्षरांनी पुढे बऱ्याच जणांना फसवलं. लांबलचक नावं ठेवली आणि दोन मशिन्सच्या नावात फक्त शेवटचा आकडा वेगळा ठेवला, की पहिली १५ अक्षरं सारखीच. जुन्या पद्धतीच्या दृष्टीने ती दोन्ही एकाच नावाची मशिन्स, आणि मग भांडण सुरू.

१९८५ मध्ये आयबीएमने यासाठीच नेटब्यूई आणलं. वेगवान, काहीही सेटिंग नको. फक्त त्याच्या पाकिटावर 'कुठल्या नेटवर्कमधलं मशिन' हे लिहायला जागाच नव्हती. एकच चाळ आहे, तर चाळीचं नाव कशाला लिहा? त्यामुळे नेटब्यूईची पाकिटं राउटरमधून पलीकडे जाऊच शकत नव्हती.

राउटर हाक का अडवतो?

इथे एक गैरसमज दूर करू. राउटर हाक अडवतो, तो बिघाड नाही. ते त्याचं काम आहे.

एका नेटवर्कमध्ये ५०० मशिन्स असतील आणि प्रत्येक जण दर थोड्या वेळाने ओरडत असेल, तर प्रत्येकाला बाकीच्या ४९९ जणांच्या हाका ऐकाव्या लागतात. आपलं नाव नाही हे कळण्यासाठीसुद्धा आधी ऐकावं लागतं. म्हणून मोठ्या नेटवर्कचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा म्हणजे सबनेट, आणि दोन तुकड्यांच्या मधे राउटर. राउटर नाव-पत्ता लिहिलेली पाकिटं पलीकडे देतो, मोघम आरडाओरडा देत नाही. तो देऊ लागला, तर जगातली प्रत्येक हाक तुमच्या फोनपर्यंत येईल.

म्हणजे माझ्या ऑफिसमध्ये सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. तिसऱ्या मजल्याची मशिन्स हाका मारत होती, राउटर त्या अडवत होता, वायर निमूटपणे आपलं काम करत होती. नियम फक्त मला माहीत नव्हता.

तिकडे दुसऱ्या गावात

त्याच १९८३ मध्ये अमेरिकेतच, पण वेगळ्याच जगात, हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला जात होता.

इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट. त्यावरच्या सगळ्या मशिन्सची नावं आणि नंबर एकाच फाइलमध्ये असायचे, होस्ट्स डॉट टीएक्सटी. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात, एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळायचे. नवीन मशिन लावलं की त्यांना कळवायचं, ते फाइलमध्ये लिहिणार, मग सगळ्यांनी ती नवीन फाइल उतरवून घ्यायची. इथे हाक नाही, नोंदवही आहे. आणि एकच आहे.

मशिन्स वाढली तशी ती वही पुरेना. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची कल्पना मांडली. १९८७ मध्ये तिचा जो मसुदा पक्का झाला, तो आजही पाया म्हणून चालतो. कल्पना आपल्या टपालाच्या पत्त्यासारखी : नाव, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. प्रत्येक गावाने आपली वही सांभाळायची. जिल्ह्याने फक्त एवढंच सांगायचं की त्या गावाची वही कोणाकडे आहे. सगळ्या जगाची यादी एका जागी असायची गरज नाही, आणि कोणी ओरडायचीही गरज नाही.

म्हणजे दोन पद्धती एकाच वेळी जन्माला आल्या. एक हाक मारणारी, एका खोलीसाठी. दुसरी वही बघणारी, जगासाठी. पुढची वीस वर्षं विंडोज या दोन्हींच्या मधे अडकलं.

वही आली, पण हाक गेली नाही

१९८७ च्या मार्चमध्ये नेटबायोसला इंटरनेटच्या भाषेत, म्हणजे टीसीपी-आयपीवर, कसं बोलायचं याचे दोन दस्तऐवज निघाले : आरएफसी १००१ आणि १००२. त्यात मशिन्सचे प्रकार ठरवले. बी म्हणजे फक्त हाक मारणारं. पी म्हणजे हाक न मारता नावांच्या सर्व्हरला थेट विचारणारं. एम म्हणजे आधी हाक, मग सर्व्हर. मायक्रोसॉफ्टने पुढे एच जोडलं : आधी सर्व्हर, तो नसेल तर हाक. आजही तुमच्या लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' दिलंत, तर 'नोड टाइप : हायब्रिड' अशी ओळ दिसेल. ती या वर्गवारीतूनच आली आहे.

पण सर्व्हर नसेल तर? त्यावरचा उपाय म्हणजे एलएमहोस्ट्स नावाची साधी मजकुराची फाइल. नंबर लिहा, पुढे नाव लिहा, झालं. प्रत्येक मशिनवर स्वतःची छोटी डायरी.

सरांनी मला फोनवर हेच करायला सांगितलं. मी नोटपॅडमध्ये फाइल केली, सेव्ह केली, काही फरक पडेना. अर्धा तास गेला. मग कळलं की नोटपॅडने नावाच्या मागे गुपचूप डॉट टीएक्सटी लावलंय आणि विंडोज ते शेपूट मला दाखवतच नाही. विंडोजला हवी होती शेपटाशिवायची फाइल. नाव दुरुस्त केलं, नावाच्या पुढे 'हॅश पीआरई' लिहिलं, 'एनबीटीस्टॅट डॅश आर' दिलं. त्यातला आर मोठ्या लिपीतला हवा, छोटा आर वेगळं काम करतो. आणि फोल्डर उघडला! सहा मशिन्सवर तेच केलं. रात्री काकांनी वर बसून पहिलं रिटर्न तयार केलं.

डायरीचा तोटा उघड आहे. खालच्या मशिनचा नंबर बदलला की सहाही डायऱ्या खोट्या. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये विंडोज एनटी ३.५ बरोबर विन्स आणलं. हा खरा नोंदणी सर्व्हर. मशिन चालू झालं की ते ओरडण्याऐवजी थेट विन्सकडे जातं आणि 'माझं नाव हे, नंबर हा' असं सांगतं. ठराविक मुदतीने नूतनीकरण करतं, बंद होताना नाव सोडतं. हे सगळं थेट पत्ता लिहिलेल्या पाकिटाने होतं, म्हणून ते राउटर ओलांडतं. दोन मजले काय, दोन शहरंसुद्धा चालतात.

विन्सचेही घोळ होते. मोठ्या कंपन्यांमध्ये चार-पाच विन्स सर्व्हर असायचे आणि ते आपापल्या नोंदी एकमेकांना द्यायचे. एका सर्व्हरवरची चुकीची नोंद पुसली, तर ती दुसऱ्याकडे अजून असायची आणि तिथून परत यायची. भूतच ते! म्हणून नोंद नुसती पुसायची नाही, तर 'ही मेली' अशी खूण करून ती खूण सगळ्यांकडे पसरू द्यायची. त्या खुणेला इंग्रजीत थडग्यावरच्या दगडाचंच नाव आहे, टूम्बस्टोन.

यादी आणि नाव, दोन वेगळ्या गोष्टी

आता जो घोटाळा मी केला आणि आजही होतो, तो सांगतो. 'नेटवर्क' उघडल्यावर दिसणारी मशिन्सची यादी आणि नावावरून नंबर शोधणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

जुन्या विंडोजमध्ये यादी 'ब्राउझर' नावाची सेवा करायची. तुमच्या वेब ब्राउझरशी तिचा संबंध नाही. प्रत्येक सबनेटमधली मशिन्स निवडणूक घ्यायची, हो, खरोखर त्या प्रकाराला इलेक्शन म्हणायचे, आणि एक जण 'मास्टर' व्हायचा. बाकीचे दर १२ मिनिटांनी त्याला हजेरी द्यायचे. सलग तीनदा हजेरी चुकली की नाव यादीतून जायचं, म्हणजे ३६ मिनिटं. मास्टरकडून यादीची प्रत घेणारे मदतनीस दर १५ मिनिटांनी प्रत घ्यायचे. बेरीज करा, ५१ मिनिटं. बंद केलेलं मशिन पाऊण तासाहून जास्त वेळ यादीत जिवंत दिसू शकायचं, आणि चालू मशिन दिसायला उशीर लागायचा.

त्यामुळे यादी रिकामी असणं म्हणजे नेटवर्क बंद असणं नव्हे. यादीत नाव असणं म्हणजे मशिन जिवंत असणंही नव्हे. मी यादी बघितली आणि वायरीवर निकाल दिला.

२००० नंतर

विंडोज २००० आलं आणि मायक्रोसॉफ्टने आपली बाजू बदलली. ॲक्टिव्ह डिरेक्टरी सगळी डीएनएसवर उभी केली. मशिन स्वतःच आपली नोंद डीएनएसमध्ये करू शकेल अशी सोय १९९७ मध्ये प्रमाण म्हणून ठरलेलीच होती. म्हणजे टपालाच्या पत्त्याची पद्धत जिंकली. पण जुनी मशिन्स आणि जुने प्रोग्रॅम होते, म्हणून हाक आणि विन्स तसेच राहिले. पहिल्याने उत्तर दिलं नाही की दुसरा, दुसऱ्याने नाही की तिसरा.

दरम्यान ॲपलने २००२ मध्ये रॉन्देव्हू आणलं, त्याचं नाव पुढे बोंजूर झालं. घरात सर्व्हर नसतो, मग 'डॉट लोकल' नावांनी मशिन्सनी एकमेकांना विचारावं. तेच २०१३ मध्ये एमडीएनएस म्हणून प्रमाण झालं. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टामध्ये एलएलएमएनआर नावाचा आपला प्रकार दिला. दोन्ही नवीन, सुटसुटीत. आणि दोन्ही ठरवूनच एका सबनेटपुरते!

म्हणजे बघा, नोंदवही जिंकली म्हणता म्हणता हाक मागच्या दाराने परत आली. तुमचा फोन प्रिंटर किंवा टीव्ही शोधतो, तेव्हा बहुतेक वेळा तो एमडीएनएसने हाकच मारत असतो. वरच्या मजल्यावरचा तुमचा दुसरा राउटर ती अडवतो. माझ्या ऑफिसची गोष्ट आणि तुमच्या घराची गोष्ट एकच आहे.

हाकेला खोटी ओ

इथपर्यंत हा गैरसोयीचा इतिहास होता. पण हाकेत एक धोकाही आहे. चाळीत तुम्ही 'जोशीकाकू!' म्हणालात आणि भलतीच बाई 'मीच ती' म्हणत आली, तर? हाकेच्या पद्धतीत उत्तर देणाऱ्याचं ओळखपत्र कोणी बघत नाही.

हल्लेखोर नेमकं हेच करतात. कोणी सर्व्हरचं नाव टाइप करताना चुकलं, डीएनएसमध्ये ते सापडलं नाही, की विंडोज हाक मारतं. त्याच नेटवर्कवर बसलेला हल्लेखोर म्हणतो, 'मीच तो'. विंडोज त्याच्याशी लॉगिनची बोलणी सुरू करतं आणि पासवर्डवरून तयार झालेला सांकेतिक पुरावा त्याच्या हातात देतं. पासवर्ड कच्चा असेल तर तो त्यावरून फोडता येतो. म्हणून आज बऱ्याच ऑफिसांत एलएलएमएनआर आणि नेटबायोस मुद्दाम बंद करतात.

मग आला मे २०१७. वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातली मशिन्स कुलूपबंद केली, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांचं कामसुद्धा ठप्प झालं. ते पसरलं विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबी १ मधल्या, त्रुटीतून. एसएमबी १ सोडून द्यायचं मायक्रोसॉफ्टचं आधीच ठरत आलं होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ते सुरुवातीला बंदच असतं. आणि निवडणुका घेणारी ती जुनी ब्राउझर सेवा एसएमबी १ वरच अवलंबून होती. त्यामुळे अनेकांनी एका सकाळी 'नेटवर्क' उघडलं, तर यादी रिकामी. नेटवर उपाय सापडतो, 'एसएमबी १ परत चालू करा'. कृपा करून करू नका. यादी दिसावी म्हणून दाराची कडी काढून ठेवण्यासारखं आहे ते.

विन्सचाही प्रवास संपत आलाय. विंडोज सर्व्हर २०२२ पासून ते 'आता यावर अवलंबून राहू नका' अशा यादीत आहे.

मग शोधायचं कसं? क्रमाने

लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, माझ्या भाचीचा फोन आला. घरून काम, व्हीपीएन जोडलंय, ऑफिसचा फोल्डर उघडत नाही. "मामा, आमचं वाय-फायच बेकार आहे." मी हसलो, कारण हेच वाक्य मी एकदा वायरीबद्दल बोललो होतो. तिला जो क्रम सांगितला, तोच तुम्हाला सांगतो.

पहिलं, नंबर. समोरच्या मशिनचा आयपी मिळवा आणि नंबरने पिंग मारा. उत्तर आलं तर रस्ता ठीक आहे, वायर आणि वाय-फायला सोडून द्या. उत्तर नाही आलं तरी लगेच निकाल देऊ नका, कारण विंडोजची फायरवॉल पिंग गिळू शकते.

दुसरं, नाव. छोटं नाव आणि पूर्ण नाव, दोन्ही करून बघा. पूर्ण म्हणजे टिंबांसकटचं, डोमेनसकटचं. पूर्ण नावाने उघडलं आणि छोट्याने नाही, तर तुमच्या मशिनला 'कुठल्या गावात बघायचं' हे माहीत नाही. डीएनएस सफिक्स राहिलाय. भाचीचं नेमकं हेच होतं. ऑफिसात छोटं नाव चालायचं, घरून व्हीपीएनवर ते चालेना. पूर्ण नाव टाकलं, उघडलं.

तिसरं, उत्तर कोणी दिलं ते बघा. 'एनएसलुकअप' फक्त डीएनएसला विचारतं. पिंग मात्र डायरी, डीएनएस, हाक असं सगळं वापरतो. पिंगला नाव सापडलं आणि एनएसलुकअपला नाही, तर उत्तर डीएनएसबाहेरून आलंय. ते दुसऱ्या सबनेटवरून मिळेलच असं समजू नका.

चौथं, जुनं उत्तर डोक्यात बसलंय का? 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस' देऊन विसरायला लावा. होस्ट्स फाइलमध्ये कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेली ओळ आहे का, तेही बघा. अशी विसरलेली ओळ महिनोन्महिने छळते.

पाचवं, फायरवॉल. नाव सापडतं, नंबर बरोबर येतो, तरी फोल्डर उघडत नाही. एक्सपीच्या २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल आपोआप चालू असते, आणि फाइल शेअरिंगची परवानगी दिलीत तरी ती सुरुवातीला 'फक्त आपल्या सबनेटसाठी' असते. आजही घरगुती विंडोजमध्ये तसंच आहे. नियमात जाऊन दुसऱ्या सबनेटचा पत्ता जोडा. अख्खी फायरवॉल बंद करू नका.

सगळ्यात शेवटी, यादी. ती दिसली तर छान, नाही दिसली तर नाव टाइप करा.

आणि घरात दोन राउटर असतील, तर दुसऱ्याला सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' करा. मग तो मधली भिंत राहत नाही, एकच चाळ होते. माझ्या ऑफिसातही आठवड्याभराने मी तेच केलं. राउटर काढला, चारशे-पाचशे रुपयांचा स्विच लावला, डायऱ्या पुसून टाकल्या. सगळं नावाने सापडू लागलं.

राहिलेला हिशेब

त्या वायरिंगवाल्या पोराचं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

मी मालकांना खरं सांगितलं, "सर, वायर बरोबर होती, माझी चूक झाली." त्यांनी त्याचं बिल दिलं, पहिल्या कामाचं. दुसऱ्यांदा आणलेल्या वायरीचे आणि त्या रात्रीच्या मजुरीचे पैसे मात्र दिले नाहीत. "ते त्याने स्वतःहून केलं ना?" असं म्हणाले. ते त्याने स्वतःहून केलं नव्हतं, माझ्या शब्दावरून केलं होतं. मी गप्प बसलो. नवीन नोकरी होती, आणि माझा पगार बघता ती रक्कमही तेव्हा मोठी वाटली. त्याने काही मागितलं नाही. नंतर आमच्या ऑफिसचं काम त्याने कधी घेतलं नाही.

नेटबायोसमध्ये कोणी हरकत घेतली नाही की नाव तुमचं होतं. माणसांच्या बाबतीत तसं नसतं. तो गप्प राहिला, म्हणजे त्याची हरकत नव्हती असं नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. 'वायर खराब', 'वाय-फाय बेकार', 'त्याने काम नीट केलं नाही', असं काहीही बोलायच्या आधी नंबरने एक पिंग. दहा सेकंद लागतात.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरी किंवा ऑफिसात असा न सापडणारा प्रिंटर असेल, तर आज हा क्रम करून बघा आणि कितव्या पायरीवर सापडला ते कळवा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!